बाकड्यावरचा बाप

गेल्या सोमवारी बायकोची तपासणी होती. चौतिसावा आठवडा चालू आहे. पेठेतलं जुनं प्रसूतिगृह, अरुंद जिना, वर गेल्यावर डावीकडे ओपीडी आणि समोर एक बंद दार. दारावर पाटी, "पुरुषांनी बाहेर थांबावे". पुण्यातली पाटी असल्यामुळे 'कृपया' वगैरे काही नाही. त्या दारासमोर लाकडी बाकडं. बायको आत गेली, मी बाकड्यावर बसलो.

बाकड्यावर आधीच दोघं होते. एक रिक्षावाले, तिसऱ्या खेपेचे, त्यामुळे अनुभवी. दुसरा पंचवीस-सव्वीसचा मुलगा, चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार. रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे लाल. त्याची बायको आत कळा देत होती. सकाळी सातपासून तो बसलेला आणि त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. सिस्टर बाहेर आल्या की तो उठून उभा राहायचा, त्या म्हणायच्या, "दादा, वेळ आहे अजून, बसा." तो परत बसायचा. मला हळूच म्हणाला, "आज खाडा पडला. उद्याही पडला तर ठेकेदार दुसरा माणूस घेईल."

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. या बाकड्यावर आम्हाला कुणी बसवलं? परंपरेनं, डॉक्टरांनी, बायकांनी, की आमचे आम्हीच येऊन बसलो? आठवडाभर थोडं वाचलं, थोडं घरच्यांना विचारलं. जे हाती लागलं ते लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा.

सुरुवात घरापासून करतो. माझा जन्म सातारा जिल्ह्यातला, आईच्या माहेरी. बाबा तेव्हा आकुर्डीला नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. सातव्या महिन्यात आई गेली आणि बाबांचा संबंध पोस्टकार्डापुरता उरला. मी झालो ते बाबांना कळलं तिसऱ्या दिवशी, शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला तेव्हा. मला त्यांनी पाहिलं बाराव्या दिवशी, बारशाला. मी परवा विचारलं, "बाबा, त्या तीन दिवसांत काय केलंत?" ते म्हणाले, "काय करणार? कामावर गेलो." थोड्या वेळानं स्वतःहूनच म्हणाले, "रात्री झोप यायची नाही. पण सांगणार कुणाला? हसले असते लोक."

आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांच्या घरात ही गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच असणार. त्यामुळे आपल्याला वाटतं, परंपराच तशी आहे. बाळंतपण हे बायकांचं काम, पुरुषाचा काय संबंध?

गंमत म्हणजे जुने धर्मग्रंथ असं म्हणत नाहीत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो मोठा इतिहास लिहिला, तो आपल्या पुण्यातल्याच भांडारकर संस्थेनं प्रसिद्ध केला. त्या शास्त्रात 'गर्भिणीपती' म्हणजे गरोदर बाईचा नवरा, याच्यासाठी वेगळे नियम आहेत. दिवस भरत आले की त्यानं क्षौर करू नये, तीर्थयात्रेला जाऊ नये, समुद्रस्नान करू नये, प्रेताला खांदा देऊ नये. बायकोचे डोहाळे पुरवणं हे याज्ञवल्क्य स्मृतीनं त्याचं कामच ठरवलंय. आमच्या सासूबाईंनीही मला बजावलंय, "आता कुणाच्या मयताला पुढं होऊ नका." हे नियम आज पाळायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी दाढी करतो. पण त्यामागचा अर्थ बघा. बायको गरोदर असली की नवऱ्याच्या अंगावरही काही बंधनं येतात, त्यानं लांब जाऊ नये, जवळ राहावं, हे त्या समाजाला कळत होतं.

त्याहून पुढची गोष्ट जातकर्माची. सोळा संस्कारांतला हा संस्कार मनुस्मृतीप्रमाणे नाळ कापण्याआधी करायचा असतो. बापानं बाळाला मध-तूप चाटवायचं. (आज कुणीही हे करू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर स्पष्ट सांगतात.) म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं बाप नाळ कापायच्या वेळी दाराशी तरी हवा. सातारा-आकुर्डी असं अंतर ठेवून हे जमणार कसं? म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणतो ती शास्त्रातली कमी आणि वहिवाटीतली जास्त. सासरी मुलीला विश्रांती मिळत नाही, मनातलं बोलायला माणूस नाही, म्हणून आईकडे पाठवायचं. कारण अगदी योग्य होतं. पण त्यात बाप आपोआप बाहेर पडला आणि मग बाहेर असणं हाच त्याचा धर्म झाला.

आता पुण्याच्या इतिहासात येऊ. पुण्यानं एका बाळाची जेवढी वाट पाहिली तेवढी दुसऱ्या कुठल्याच बाळाची पाहिली नसेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. राघोबादादा गादीवर बसले, पण नाना फडणवीस, सखारामबापू आणि बाकीच्या कारभाऱ्यांनी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, सगळा डाव त्या न जन्मलेल्या बाळावर लावला. गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलवलं. मराठी राज्याचा कारभार काही महिने एका गरोदर बाईच्या नावानं चालला. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेच सवाई माधवराव.

शाळेत आपण हे राजकारण म्हणून शिकतो. या वेळी वाचताना मला वेगळंच दिसलं. बाळ यायच्या आधीच बाप गेलेला. गडावर पहारे, दूधदुभतं, सुइणी, सगळा बंदोबस्त. पण सगळ्यांना हवा होता मुलगा. मुलगी झाली असती तर बारभाईंचा डाव तिथेच अडचणीत आला असता. त्या बाईवर नऊ महिने काय दडपण असेल! आणि आज अडीचशे वर्षांनी सोसायटीच्या गेटवर मला रोज कुणीतरी विचारतं, "काय, पेढा की बर्फी?" पेशवाईची गादी आता नाही, तरी प्रश्न तोच.

याच शहरात एका माणसानं मात्र बाप होण्याची रीतच बदलून टाकली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या राहत्या घरी, आजच्या महात्मा फुले पेठेत, बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तेव्हाची परिस्थिती आठवा. उच्चवर्णीयांत बालविवाह सर्रास, पुनर्विवाह बंद. तरुण विधवा, अनेकदा घरातल्याच पुरुषाकडून फसवली गेलेली, दिवस गेले की तिच्यापुढे जीव देणं, गर्भ पाडणं नाहीतर जन्मलेलं मूल मारणं एवढेच रस्ते. फुल्यांनी गावात जाहिराती लावल्या. इथे येऊन गुपचूप, सुरक्षित बाळंत व्हा, मूल घेऊन जायचं की इथे ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, असा त्यांचा आशय.

यात एक माणूस कुठेच दिसत नाही, तो म्हणजे त्या मुलांचा बाप. पोट वाढतं बाईचं, बदनामी बाईची, काशीला पाठवणार बाईला. तो प्रतिष्ठित म्हणून पेठेत फिरत असणार. आणि ज्याचा काही संबंध नाही असा गंजपेठेतला माणूस दार उघडून म्हणतो, या आत. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला इथे मुलगा झाला. फुले दांपत्याला मूल नव्हतं. त्यांनी तो दत्तक घेतला, नाव ठेवलं यशवंत. जात वेगळी, रक्त वेगळं. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणून पोचवत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. बाप होण्यासाठी नक्की काय लागतं, याचं उत्तर त्या वाड्यात आहे. पोरांना घेऊन एकदा जरूर जा.

दुसरा बाप जरा अवघड आहे. गोपाळराव जोशी, पोस्टातले कारकून. त्यांची बायको आनंदीबाई वयानं बरीच लहान. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि योग्य वैद्यकीय मदत न मिळता दहा दिवसांत गेला. त्या काळात अशी मुलं घरोघरी जात होती. लोक 'देवाची इच्छा' म्हणून पुढच्या वर्षीच्या पाळण्याची तयारी करत. या दोघांनी ते केलं नाही. आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता, तर हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच क्षयानं त्या गेल्या, वय एकवीस. एकाही रुग्णाला इथे तपासायला त्यांना वेळ मिळाला नाही.

गोपाळरावांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. शिकवण्यासाठी त्यांनी बायकोला मारहाण केली, हे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रातही आलंय. आजच्या मोजमापात तो छळच. पण मला एवढंच म्हणायचंय की दहा दिवसांच्या त्या पोराचं मरण त्या घरात फक्त बाईचं दुःख म्हणून राहिलं नाही. बाळंतिणीला परक्या पुरुष डॉक्टरसमोर जायची लाज वाटते, बाई डॉक्टर नाही, म्हणून बायका मरतात, हे आनंदीबाई जाहीर सभेत बोलल्या आणि गोपाळराव त्यांच्यामागे उभे राहिले.

आता त्या बंद दाराकडे येतो. कारण इथेच माझं मत बदललं.

सोमवारी बाकड्यावर बसून मी मनात त्या पाटीला शिव्या घातल्या होत्या. पण ती पाटी आली कुठून, हे बघितल्यावर जरा गप्प झालो. ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं, तरी मध्यमवर्गीय घरातली बाई तिथे बाळंतपणाला जाणं कित्येक वर्षं अकल्पित होतं. घरातली काळोखी खोली, शेगडी, धुरी, सुईण. अडलं तर अडलं. बाहेरच्या ओसरीवर पुरुष फेऱ्या घालणार. डॉक्टर बोलवायचा की नाही, हे ठरवणार तोच, आणि आत काय चाललंय ते माहीत नसलेला एकमेव माणूसही तोच.

हे बदललं ते बायकांनी. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदन काढलं. घरात कोपऱ्यात बसवलेल्या विधवांना ससूनमध्ये नर्सिंग आणि सुईणकामाचं शिक्षण घ्यायला पाठवलं. त्यावर पुण्यात केवढी कुजबुज झाली असेल ते वेगळं सांगायला नको. १९१२ मध्ये रास्ता पेठेत केईएम सुरू झालं, तेही छोटं प्रसूतिगृह म्हणूनच. १९४४ च्या सुमाराला तिथे डॉ. बानू कोयाजी आल्या तेव्हा चाळीसेक खाटा होत्या. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यांनी त्याचं साडेपाचशे खाटांचं मोठं रुग्णालय केलं. १९७२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या वढू गावात केंद्र काढून गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे ते बंद दार हा बायकांवरचा अन्याय नव्हता. ती त्यांची कमाई होती. घरात सासू, नणंद, नवरा, दीर, सगळ्यांची सत्ता. दवाखान्याच्या त्या खोलीत पहिल्यांदा बाईवर फक्त नर्सबाई आणि डॉक्टरीणबाईंचं लक्ष. एका खोलीत चार-पाच खाटा, मध्ये धड पडदा नाही, तिथे एकीचा नवरा आत आला तर बाकीच्या चौघींनी काय करायचं? पाटी बरोबरच होती. आणि बाहेरच्या देशांतही काही वेगळं नव्हतं. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकापर्यंत बाप बाहेरच्या खोलीत सिगारेटी ओढत बसायचे. तिथेही दार उघडायला बरीच वर्षं लागली.

या दारानं काय कमावलं ते आकड्यांत दिसतं. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशाचा आकडा याच काळात ३०१ वरून ९७ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं, रक्तपेढ्या, रुग्णवाहिका, आशाताई, सगळ्यांचा यात हात आहे. माझ्या आजीच्या पिढीत बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म म्हणायचे. आज ते वाक्य निदान शहरात तरी अक्षरशः खरं राहिलेलं नाही.

मग तक्रार काय आहे? तक्रार अशी की दाराबाहेर ठेवलेला बाप अजून तिथेच आहे, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात 'तीन उशीर' सांगतात. घरी निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. बाई दगावते ती बहुतेक वेळा या तीनपैकी कशात तरी. तिसरा उशीर सरकारनं आणि डॉक्टरांनी बघायचा. पहिले दोन कुणाचे? घरातल्या पुरुषाचे. गाडी कोण काढणार, पैसे कोण काढणार, रात्री दोन वाजता "सकाळी बघू" असं कोण म्हणणार? मला आठ महिन्यांत सोनोग्राफीची बिलं भरायला बोलावलं, रक्ताच्या रिपोर्टसाठी पाठवलं, सह्या घेतल्या. पण सांगितलं काहीच नाही. शेवटी मीच विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. लिहून ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. डोकं थांबता थांबत नाही, डोळ्यापुढे अंधारी येते, चेहरा-हात एकदम सुजतात, रक्त जातं, पाणी जातं, बाळाची हालचाल कमी वाटते, झटके येतात किंवा खूप ताप येतो, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. थेट दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८.

डोहाळजेवणाला आम्ही पन्नास माणसं जेवायला घातली. गर्भसंस्काराच्या वर्गाची फी भरली. बाळाचं नाव काय, यावर दोन्ही घरांत युद्ध झालं. पण या आठ गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

सोनोग्राफीवरून आठवलं. त्या खोलीबाहेर दुसरी पाटी असते, गर्भलिंगनिदान केलं जात नाही. हा कायदा आपल्याच राज्यात देशात सर्वांत आधी झाला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. तरी २००१ मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. म्हणजे बाकड्यावर बसलेले सगळेच बाप निरुपद्रवी नव्हते. काहीजण वाट बघत नव्हते, निवड करत होते. पाटी लावावी लागली ती आपल्यामुळे, हेही मान्य केलं पाहिजे.

आता रजेचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली.

१९७६ मध्ये सुनील गावसकर न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. २० फेब्रुवारीला रोहनचा जन्म झाला. गावसकरांनी मुलाला पाहिलं ते दौरा संपवून परतल्यावर, साधारण अडीच महिन्यांनी. त्यांनीच नंतर सांगितलंय की मी सुट्टी मागितलीच नव्हती, देशासाठी खेळायचं ठरलेलं होतं आणि बायकोचा पाठिंबा होता. तो काळच तसा, माझ्या बाबांसारखा. पुढे २०१९. अजिंक्य रहाणे विशाखापट्टणमला कसोटी खेळत होता, ५ ऑक्टोबरला मुलगी झाली. पाच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, तो आपल्या गहुंजेच्या मैदानावर पुढच्या कसोटीत उतरला होता. अर्धशतकही केलं. मग डिसेंबर २०२० मध्ये विराट कोहली ॲडलेडची कसोटी संपवून बाळंतपणासाठी घरी परतला आणि देशभर वाद झाला. कुणी कौतुक केलं, कुणी देशद्रोहापर्यंत पोचलं. त्याच्या जागी कप्तान कोण झालं? तोच रहाणे, ज्याची स्वतःची मुलगी तो मैदानावर असताना जन्मली होती. त्यानं मेलबर्नला शतक ठोकलं आणि आपण मालिका जिंकली. दोघांनीही आपापल्या जागी योग्यच केलं असं मला वाटतं. मुद्दा एवढाच की कोहलीला निवड करता आली. चाकणच्या त्या मुलाला ती नाही.

कायदा काय म्हणतो? आईसाठी १९६१ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा सव्वीस आठवडे झाली. बापासाठी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९९७ पासून पंधरा दिवस मिळतात, दोनपेक्षा कमी मुलं असतील तर. खासगी नोकरीत बापासाठी कायदाच नाही. कंपनीची मर्जी. काही मोठ्या कंपन्या महिना-दोन महिने देतात, बऱ्याच काही देत नाहीत. मला पाच दिवस मिळणार आहेत आणि त्यातही शनिवार-रविवार धरलेत. एचआरमधल्या बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या, "सर, पॉलिसी आहे."

याचा एक उलटा परिणामही होतो. रजेचा सगळा भार आईच्या नावावर पडला की मालक तरुण बाईला नोकरी देतानाच बिचकतो. मुलाखतीत "लग्न झालंय का, प्लॅनिंग काय" असं विचारतो. मला बारा वर्षांच्या नोकरीत असं एकदाही कुणी विचारलेलं नाही. बापालाही सक्तीची रजा असती तर हा भेदभाव थोडा तरी कमी झाला असता.

हे संसदेत मांडायचा प्रयत्न मराठी माणसानंच केला होता, हे किती जणांना आठवतंय? हिंगोलीचे खासदार राजीव सातव. जन्म पुण्यातला, शिक्षणही इथलंच, फर्ग्युसन आणि आयएलएस. त्यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभ विधेयक मांडलं. खासगी आणि असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही पंधरा दिवस रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी, असा प्रस्ताव. ते खासगी विधेयक होतं. अशी विधेयकं आपल्याकडे १९७० नंतर एकही कायदा झालेलं नाही, त्यामुळे हेही पडून राहिलं. सातव मे २०२१ मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीत गेले, पुण्यातच. पक्ष कुठला याच्याशी मला घेणं नाही. मुद्दा चांगला होता, कुणीतरी परत उचलायला हवा.

आणि दाराचं काय? २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक नात्यातली बाई थांबू शकते असं ठरवलं. जिथे आडोसा नीट सांभाळला जातो तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येईल, असंही त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की बाईला जे माणूस हवं ते तिच्यासोबत असावं. आई, बहीण, नवरा, कुणीही, पण तिच्या निवडीचं. म्हणजे अडचण नियमाची कमी, पडद्याची जास्त. चार खाटांमध्ये चार जाड पडदे. महापालिकेच्या प्रसूतिगृहांसाठी हा खर्च केवढा असेल? आपण चौकाचौकात कारंजी बांधतो आणि ती बंद पडतात, त्यापेक्षा नक्कीच कमी.

निवडणुका येतील, उमेदवार दारात येतील. रस्ता, पाणी, कचरा विचाराच. पण एखाद्या उमेदवाराला हेही विचारा की आपल्या भागातल्या प्रसूतिगृहात पडदे आहेत का, आणि गरोदर बाईसोबत आलेल्या नवऱ्याला कुणी दहा मिनिटं बसवून धोक्याच्या खुणा सांगतं का.

सोमवारचं राहिलं. दुपारी साडेबाराला ते दार उघडलं. सिस्टरनी कपड्यात गुंडाळलेलं बाळ आणून त्या चाकणच्या मुलाला दाखवलं. मुलगी. त्यानं हात पुढे केले आणि परत मागे घेतले. म्हणाला, "हात धुतले नाहीत, कंपनीतून आलोय." रिक्षावाल्या काकांनी त्याला बेसिनकडे पिटाळलं. धुऊन आला, घेतली तिला. मग आधी विचारलं, "ती कशी आहे?" सिस्टर म्हणाल्या, "बरी आहे, टाके घालतायत." तेव्हा तो खाली बसला. ठेकेदाराचा फोन दोनदा वाजला, त्यानं उचलला नाही. पुढे त्याच्या नोकरीचं काय झालं ते मला माहीत नाही.

घरी येताना बायकोला विचारलं, "तुला मी आत हवाय का?" ती म्हणाली, "हवायस. पण बोलायचं नाही, नुसतं थांबायचं." डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी खोलीत दुसरी कुणी नसेल तर या. असेल तर नाही." मला हे पटलं. दुसरी कुणी असेल तर मी मुकाट्यानं बाकड्यावर बसेन, तिची खोली आहे ती. नसेल तर आत जाईन.

बॅग भरून दाराशी ठेवलीय. दुपटी, कागदपत्रं, थर्मास, चार्जर. बाबा रोज एकदा फोन करतात. परवा म्हणाले, "निघालात की मलाही सांग. किती वाजलेले असोत. मी येऊन बाहेर बसतो."

तुमच्या जन्माच्या वेळी तुमचे वडील कुठे होते? घरात विचारा आणि कमेंटमध्ये लिहा. मला खरंच वाचायचंय.